हिशेबनीस अनी आणि त्याच्या हृदयाचे वजन : एका इजिप्शियन मृत्युग्रंथाचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ईए १०४७० या क्रमांकाने नोंदलेला एक पपायरस आहे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर लिहिलेली मृत्युग्रंथाची, परलोकात मृताच्या कामी येणाऱ्या मंत्रांची गुंडाळी. म्युझियममध्ये कापून केलेल्या तिच्या तुकड्यांपैकी तिसऱ्यावर डावीकडून एक जोडपे कमरेत वाकून आत येताना दिसते. पुढे पांढऱ्या वस्त्रातला अनी आहे, त्याच्या मागे त्याची पत्नी तुतु आहे आणि दोघांसमोर एक मोठा तराजू उभा आहे. तराजूच्या एका पारड्यात अनीचे हृदय आहे आणि दुसऱ्यात एक पीस आहे. काट्याचा कौल अजून लागायचा असावा असे त्या दोघांच्या वाकण्यावरून वाटते. पण चित्राच्या आजूबाजूला चित्रलिपीत लिहिलेला मजकूर वाचला, तर निकाल तिथेच नोंदवलेला सापडतो. हृदय खरे उतरले, अनीकडे कोणताही अपराध आढळला नाही, भक्षक अम्मितचा त्याच्यावर अधिकार चालणार नाही. हा निकाल अनीला पुरण्याआधी लिहून झाला होता आणि ती गुंडाळी त्याच्यासोबत कबरीत ठेवण्यात आली.

हे प्रकरण निवडण्याचे कारण त्या आधीच लिहिलेल्या निकालातच आहे. या गुंडाळीचा बराचसा भाग गिऱ्हाईक ठरण्याआधीच तयार करून ठेवलेला होता आणि अनीचे नाव त्यात नंतर भरले गेले, हे अक्षराच्या वळणावरून ओळखता येते. जो माणूस कोण आहे हे लिहिणाऱ्याला माहीतच नव्हते, त्याच्या वतीने ‘मी चोरी केली नाही, मी खोटे बोललो नाही’ असे आधीच लिहून ठेवणे याला काय म्हणायचे? पैसे मोजून घेतलेले निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र, असे उत्तर अनेकदा दिले जाते. गुंडाळी क्रमाने वाचत गेल्यास ते उत्तर फार उथळ ठरते, असे माझे मत झाले आहे आणि ते का झाले ते पुढे मांडले आहे.

अनी इसवी सनापूर्वी १२५०च्या सुमारास, एकोणिसाव्या राजवंशाच्या काळात, थीब्समध्ये म्हणजे आजच्या लक्सरच्या परिसरात होऊन गेला. गुंडाळीत त्याच्या नावामागे येणाऱ्या पदव्या नेमक्या आहेत. तो राजाचा लेखनिक आहे, सर्व देवांच्या नैवेद्याचा हिशेब ठेवणारा आहे आणि अबायडोसच्या स्वामींच्या धान्यकोठारांचा अधिकारी आहे. तुतु ही घरधनीण आणि आमोन देवाची गायिका आहे. तिच्या हातात सिस्ट्रम हे खुळखुळ्यासारखे वाद्य दाखवले आहे. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे, तर अनी हा मोठ्या देवस्थानाचा हिशेबनीस आणि कोठावळा होता. त्या काळच्या इजिप्तमध्ये मंदिरांकडे प्रचंड शेतजमीन असे, देवापुढे ठेवलेला नैवेद्य नंतर मंदिराच्या सेवेकऱ्यांत वाटला जाई आणि मजुरी, कर, देणगी असे सगळे धान्यातच मोजले जाई. मापे भरताना नोंद करणे आणि किती आले, किती गेले, किती उरले याचा मेळ घालणे हे त्याच्या पदाचे काम होते. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण परलोकातही त्याची गाठ पुन्हा मापाशी, तराजूशी आणि बोरू घेऊन बसलेल्या लेखनिकाशीच पडणार आहे.

मूळ गुंडाळी २३ मीटरहून अधिक लांब आणि साधारण सव्वा फूट रुंद होती. वेगवेगळ्या लांब पट्ट्या जोडून ती तयार केलेली असून त्यांवर एकाहून अधिक लेखनिकांचे हात फिरले आहेत. मजकूर उभ्या ओळींत, काळ्या शाईने आणि शीर्षकांसाठी लाल शाईने लिहिला आहे. चित्रे आधी काढली गेली आणि उरलेल्या जागेत मजकूर बसवला गेला, असे मांडणीवरून दिसते; त्यामुळे काही ठिकाणी ओळी दाटीवाटीने कोंबल्या आहेत, तर काही मजकुराची पुनरावृत्ती झाली आहे. सुरुवातीच्या भागात अनीचे नाव मूळ मजकुराच्याच हाताने आले आहे. पुढच्या भागांत मात्र ते मोकळ्या सोडलेल्या जागेत दुसऱ्या हाताने भरले आहे. म्हणजे आरंभ खास अनीसाठी लिहून घेतलेला आणि पुढचे भाग तयार साठ्यातून जोडलेले, असा हा व्यवहार असावा. अशी गुंडाळी स्वस्त नव्हती. देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीतील एका नोंदीत मृत्युग्रंथाची किंमत एक देबेन चांदी, म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम, अशी आली आहे, आणि ती मजुराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी होते.

‘मृत्युग्रंथ’ हे नाव इजिप्शियन लोकांनी दिलेले नाही. जर्मन अभ्यासक लेप्सियस यांनी १८४२मध्ये तुरीनमधील एक उत्तरकालीन गुंडाळी प्रसिद्ध करताना हे नाव रूढ केले आणि अध्यायांना क्रमांकही त्यांनीच दिले. मूळ नावाचा अर्थ ‘दिवसा बाहेर येण्याचे मंत्र’ असा होतो आणि तो अधिक बोलका आहे, कारण कबरीत पडून राहणे कोणालाच नको होते; सूर्याबरोबर रोज बाहेर पडता यावे, ही त्यामागची आस होती. या मंत्रांचा उगम बराच जुना आहे. इसवी सनापूर्वी साधारण २३५०मध्ये साक्कारा येथील राजा उनासच्या पिरॅमिडच्या आतील भिंतींवर असे मंत्र प्रथम कोरले गेले, आणि तेव्हा ते राजघराण्यापुरते होते. पुढे मध्य राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालखंडात ते अधिकाऱ्यांच्या आणि श्रीमंतांच्या शवपेट्यांवर उतरले. नंतर ते पपायरसवर आले आणि अनीसारख्या हिशेबनीसाच्या आवाक्यात आले. एकूण मंत्र दोनशेच्या आसपास आहेत. पण एकाच गुंडाळीत ते सगळे कधीच नसत. ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे निवड होई.

मराठी वाचकाला इथे गरुडपुराण आठवणे स्वाभाविक आहे. तुलना मोहक असली, तरी एक फरक विसरून चालणार नाही. गरुडपुराण सुतकाच्या दिवसांत मागे राहिलेल्या नातेवाइकांना वाचून दाखवतात. अनीची गुंडाळी मागे राहिलेल्यांच्या कानी पडण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ती मेलेल्या माणसाने स्वतः जवळ बाळगायची, स्वतः म्हणायची आणि प्रवासात स्वतः वापरायची होती.

आता त्या तराजूकडे वळू. दांडीच्या वर मधोमध एक वानर बसले आहे. ते देवांच्या लेखनिकाचे, थॉथ देवाचे रूप आहे. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव गुडघे टेकून तराजूचा ओळंबा पारखतो आहे. त्याच्यामागे आयबिस पक्ष्याच्या मस्तकाचा थॉथ हातात लेखनफळी आणि बोरू घेऊन उभा आहे, आणि थॉथच्या मागे अम्मित बसली आहे, जिचे तोंड मगरीचे, पुढचा भाग सिंहाचा आणि मागचा पाणघोड्याचा आहे. हृदय जड ठरले तर ती ते खाऊन टाकणार आणि तो माणूस कायमचा नाहीसा होणार. यातनांचा नरक हा इथला मुख्य धाक नसून मुळीच न उरणे हा आहे. तराजूच्या दुसऱ्या बाजूला अनीचे दैव म्हणजे शाय उभा आहे, मेस्खेनेत आणि रेनेनुतेत या जन्माच्या आणि संगोपनाच्या देवता आहेत आणि माणसाचे तोंड असलेल्या पक्ष्याच्या रूपात अनीचा ‘बा’, त्याच्या आत्म्याचा एक अंश, हे सगळे पाहत बसला आहे. जन्माच्या वेळी जे हजर होते ते वजनाच्या वेळीही साक्षीला हजर असावेत, ही चित्रकाराची जुळवणी मला फार अर्थपूर्ण वाटते.

पारड्यातले पीस माआतचे आहे. माआत म्हणजे सत्य, न्याय आणि जगाची घडी नीट बसलेली असण्याची अवस्था. तिची देवीही आहे आणि पीस हे तिचे चिन्ह आहे. हृदयच का तोलायचे, याचे उत्तर इजिप्शियन शरीरकल्पनेत सापडते. विचार, स्मरण आणि इच्छा यांचे स्थान हृदय मानले जाई. ममी करताना मेंदू सहसा नाकावाटे काढून टाकत, पण हृदय जागच्या जागी ठेवण्याची काळजी घेत. चित्रगुप्ताच्या वहीसारखी वही या न्यायसभेत लागत नाही. थॉथ फक्त वजनाचा निष्कर्ष लिहितो. माणसाने काय केले ते सगळे त्याच्या हृदयालाच ठाऊक असते, आणि म्हणूनच ते धोकादायक ठरते.

तराजूजवळ अनीच्या तोंडी जो मंत्र आहे तो अध्याय ३०-ब म्हणून ओळखला जातो. त्याचा आशय असा : माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याबरोबर घडत गेलेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहू नकोस, न्यायसभेत मला विरोध करू नकोस, तराजू सांभाळणाऱ्यासमोर माझ्याशी वैर धरू नकोस. हाच मंत्र हिरव्या दगडाच्या भुंग्यावर कोरून ममीच्या छातीवर ठेवण्याचीही प्रथा होती. या ओळी नीट वाचल्या की प्रमाणपत्राची कल्पना डळमळू लागते. ज्याला खात्रीने सुटका विकत मिळाली आहे, त्याने स्वतःच्या हृदयाची अशी विनवणी कशाला करावी? माझ्या आत मला पुरते ओळखणारा एक साक्षीदार आहे आणि त्याने तोंड उघडले तर माझा निभाव लागणार नाही, ही जाणीव ज्या समाजाने शब्दांत मांडली, त्याला पापपुण्याचे गांभीर्य नव्हते असे म्हणता येत नाही.

त्याच तुकड्यावर थॉथचे निवेदन आहे. अनीचे हृदय खरोखर तोलले गेले, त्याचा ‘बा’ साक्षीला होता, मोठ्या तराजूवर त्याचे वर्तन सरळ उतरले. त्याने मंदिरांतला नैवेद्य कमी केला नाही, घडवलेल्या गोष्टींची नासधूस केली नाही आणि पृथ्वीवर असताना तो कपटी बोलणे करत फिरला नाही. यातले पहिलेच वाक्य अनीच्या संदर्भात वाचून पाहावे. देवांच्या नैवेद्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाबद्दल देवांचा लेखनिक सांगतो आहे की याने नैवेद्यात हात मारला नाही. हे वाक्य साचेबद्ध आहे आणि ते अनीसाठी मुद्दाम रचलेले नाही, हे मान्यच आहे. पण साचा ज्याच्यावर बसला त्याच्या आयुष्याला तो इतका बिलगून बसला, की आपल्या पदाला लागू होणारी ही ओळ त्या हिशेबनिसाने कशी वाचली असेल, हा विचार मनातून जात नाही.

हीच गोष्ट १२५व्या अध्यायात ठळक होते. तो तराजूच्या चित्रापासून फार दूर, एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या तुकड्यांवर आला आहे. कथेच्या क्रमाने पाहिले तर निवेदन आधी आणि निकाल नंतर हवा, पण ही गुंडाळी कथा सांगत नाही. ती जवळ बाळगण्याची शिदोरी आहे आणि तिच्यात जे लागेल ते कुठेही असले तरी चालते. दोन माआतांच्या दालनात बेचाळीस देवता बसल्या आहेत आणि अनी प्रत्येकीला तिच्या नावाने आणि ती जिथून आली त्या जागेच्या नावाने हाक मारून एकेक दोष नाकारतो. मी अन्याय केला नाही, मी लुबाडले नाही, मी कोणाला ठार मारले नाही, मी देवाच्या मालकीचे काही चोरले नाही, मी खोटे बोललो नाही. आकाशातून आलेल्या जोडसिंहाला तो सांगतो की मी धान्याचे माप हलके केले नाही. मराठीत ज्याला ‘मापात पाप’ म्हणतात तेच हे, आणि ते खून, चोरी यांच्या पंक्तीला बसवलेले आहे. जिथे मजुराची भाकरीही मापानेच मिळत होती, तिथे हलके माप हा कोणाच्या तरी पोटावरचा घाव होता.

या यादीला ‘नकारात्मक कबुली’ म्हणण्याची पद्धत आहे, पण तो शब्द मला अपुरा वाटतो, कारण अनी इथे काहीच कबूल करत नाही. राजाच्या किंवा मंदिराच्या सेवेत रुजू होताना घेतलेल्या शपथेशी हिचा बाज अधिक जुळतो. शपथेचा मसुदा प्रत्येकासाठी वेगळा लिहीत नाहीत. तो ठरलेला असतो, त्यात नाव घातले जाते आणि घेणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा असतो. मसुदा सगळ्यांना सारखा आहे म्हणून शपथ खोटी ठरत नाही. गुंडाळीत अनीचा उल्लेख पुन्हा पुन्हा ‘ओसायरिस अनी, सत्यवाणी’ असा होतो. मृत माणूस मृतांचा राजा असलेल्या ओसायरिस देवाशी एकरूप होतो म्हणून ते पहिले पद, आणि ‘सत्यवाणी’ हे दुसरे पद, मूळ शब्द ‘माआ-खेरू’, न्यायसभेत ज्याचा शब्द खरा ठरला त्याला लावतात. भर त्या वाणीवर आहे. ओसायरिससमोर गेल्यावर अनी म्हणतो की मी जाणूनबुजून खोटे बोललो नाही. ‘जाणूनबुजून’ ही पुस्ती मला विशेष प्रामाणिक वाटते, कारण नकळत झालेल्या चुकीची जागा ती मोकळी ठेवते.

नीती आणि मंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली एक खरी असेल तर दुसरी लबाडी, असे आपण गृहीत धरतो. अनीच्या काळच्या माणसाला तसे वाटत नव्हते. नीट जगणे आवश्यक होते, आणि योग्य शब्द ठाऊक असणेही आवश्यक होते. अकराव्या-बाराव्या तुकड्यांवर याचा दुसरा पुरावा आहे. तिथे दुआतमधली, म्हणजे मृतांच्या जगातली सात प्रवेशस्थाने आणि दहा दरवाजे दाखवले आहेत. प्रत्येक प्रवेशस्थानी एक दारवान, एक पहारेकरी आणि एक वर्दी देणारा असतो, आणि तिघांचीही नावे सांगता आल्याशिवाय वाट मिळत नाही. ज्याने सारी हयात कचेऱ्यांत आणि कोठारांत काढली, त्याला या व्यवस्थेत अपरिचित वाटण्यासारखे फारसे काही नसणार.

देवांच्या सभेचा हुकूमही त्याच प्रशासकीय भाषेत आहे. अनीला ओसायरिससमोरच्या नैवेद्यातून वाटा मिळावा आणि ओसायरिसपुत्र होरसच्या अनुयायांप्रमाणे नैवेद्यक्षेत्रात कायमची जमीन मिळावी, असे देव ठरवतात. ही सरळसरळ इनामाची नोंद आहे. ती शेती गुंडाळीत रंगवलेली आहे. पाण्याच्या पाटांमध्ये नांगरट, कापणी आणि मळणी चालली आहे. कष्टाच्या कामाला बोलावणे आले तर आपल्या जागी उभे राहण्यासाठी उशेब्ती नावाच्या लहान मूर्ती असत आणि त्यांना बोलते करणारा मंत्रही अनीजवळ आहे.

इथवर सगळे सुरळीत वाटते. पण एकोणतिसाव्या तुकड्यावरचा १७५वा अध्याय या सुरळीतपणाला छेद देतो, आणि संपूर्ण गुंडाळीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. अनी सृष्टिकर्त्या आतुमला विचारतो की मी हा कुठल्या ओसाड मुलखात चाललो आहे. इथे पाणी नाही, हवा नाही, हा खोल आहे, अंधारा आहे, याचा थांग लागत नाही. आतुम म्हणतो, मनाच्या शांतीने तिथे राहा. अनीचे समाधान होत नाही. तिथे कामसुखही नाही, अशी त्याची तक्रार आहे. आतुम उत्तर देतो की पाणी, हवा आणि सुख यांच्या जागी मी तुला तेजोमय रूप दिले आहे, आणि भाकरी व मद्य यांच्या जागी मनाची शांती दिली आहे. मग माझे आयुष्य किती, असा पुढचा प्रश्न येतो. तू लक्षावधी लक्ष वर्षे राहशील, असे आतुम सांगतो आणि पुढे म्हणतो की मी निर्माण केलेले सारे मी मोडून टाकीन, ही भूमी सुरुवातीच्या जलात परत जाईल, आणि माणसांना ठाऊक नसलेल्या, देवांनी न पाहिलेल्या सर्पाच्या रूपात मी आणि ओसायरिस तेवढे उरू.

ज्या गुंडाळीत हिरव्यागार शेताचे इनाम मंजूर झाले आहे, त्याच गुंडाळीत हा संवाद आहे. संकलन करणाऱ्यांनी तो वगळला नाही, आणि दोन्हींचा मेळही घातला नाही. सतराव्या अध्यायातही असाच मोकळेपणा दिसतो. तिथे मूळ वाक्यानंतर ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न येतो, एक अर्थ दिला जातो आणि मग ‘दुसऱ्या मताप्रमाणे’ म्हणून वेगळा अर्थही नोंदवला जातो. केवळ फसवे आश्वासन विकायचे असते, तर इतकी अनिश्चितता त्यात ठेवण्याचे कारण नव्हते.

अनीच्या गुंडाळीचा पुढचा इतिहास क्लेशदायक आहे. ब्रिटिश म्युझियमसाठी वस्तू गोळा करणारे वॉलिस बज यांनी ती १८८८मध्ये लक्सरला मिळवली. १९२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्यांनी स्वतःच सांगितले आहे, की त्यांच्या वस्तू ठेवलेले घर पोलिसांनी मोहोरबंद करून पहारा बसवला, तेव्हा शेजारच्या हॉटेलच्या बागेकडून मातीची भिंत रात्री फोडून आतला माल हलवण्यात आला. इजिप्तच्या पुराणवस्तू खात्याला टाळून झालेल्या या व्यवहारात अनीच्या कबरीची ओळख कायमची हरवली. गुंडाळीसोबत त्याची ममी होती का, छातीवर हिरवा भुंगा होता का, तुतु शेजारी होती का, हे प्रश्न विचारण्याची जागाच राहिली नाही. मला हा अपराध गुंडाळी नेण्याइतकाच मोठा वाटतो.

लंडनमध्ये गुंडाळीचे ३७ तुकडे करण्यात आले. कापणी मजकुराच्या आशयाप्रमाणे न करता साधारण समान लांबीच्या हिशेबाने झाली आणि तुकडे फळ्यांवर चिकटवून काचेखाली ठेवले गेले. अध्याय मध्येच तुटले, चित्र एका तुकड्यावर आणि त्याचे शब्द दुसऱ्यावर गेले. मूळ सलग पट्टीवर अम्मितच्या पाठोपाठच होरस उभा होता. तो अनीचा हात धरून त्याला ओसायरिसकडे नेतो, जिथे अनी चटईवर गुडघे टेकतो आणि त्याचे केस पांढरे दाखवले आहेत. सुरी नेमकी तिथे पडली. तिसरा तुकडा अम्मितपाशी संपतो, आणि तिच्या तावडीतून सुटलेल्या अनीचा हात होरसने धरला आहे ते चित्र चौथ्या तुकड्यावर, वेगळ्या चौकटीत आहे.